मासा, फणी आणि 'का' : माया लिपीतल्या एका अक्षराची गोष्ट

(जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची धाटणी शक्यतो तशीच ठेवली आहे.)



आज मी तुम्हाला फक्त एक अक्षर शिकवणार आहे. एका तासात एकच अक्षर, म्हणजे पहिलीच्या बाई सुद्धा माझ्यापेक्षा भराभर शिकवतात. पण हे अक्षर वाचायला जगातल्या विद्वानांना जवळजवळ शंभर वर्षं लागली, तेव्हा आपल्याला एक तास चालेल.

अक्षर आहे 'का'. लिपी आहे माया लोकांची. आजचा ग्वातेमाला, बेलीज, मेक्सिकोचा दक्षिण भाग आणि युकातान द्वीपकल्प, होंडुरासचा पश्चिमेकडचा भाग, हा तो मुलूख. इसवी सनापूर्वी सुमारे 300 पासून स्पॅनिश लोक येईपर्यंत, म्हणजे दीड-दोन हजार वर्षं, तिथे ही लिपी दगडावर कोरली जात होती, भांड्यांवर रंगवली जात होती, झाडाच्या सालीच्या कागदावर लिहिली जात होती.

आता पडद्यावर बघा. तीन चित्रं आहेत. पहिल्यात एक अख्खा मासा. डोळा आहे, तोंड आहे, शेपूट आहे. दुसऱ्यात फक्त माशाचं डोकं. तिसऱ्यात एक चिंचोळी पट्टी, तिच्या एका बाजूला समांतर रेघा. आपल्या जुन्या लाकडी फणीसारखी दिसते, म्हणून अभ्यासक तिला वर्षानुवर्षं 'फणी' असंच म्हणत आले. ही फणी कधी मुख्य चिन्हाच्या डाव्या अंगाला उभी असते, कधी डोक्यावर आडवी झोपलेली असते. जागा असेल तशी ती वळते. माया लेखक चौकोनी ठोकळ्यात चिन्हं बसवायचे, त्यामुळे ज्याला जिथे जागा मिळेल तिथे तो बसला.

ही तिन्ही चित्रं म्हणजे एकच अक्षर. तिन्हींचा उच्चार 'का'. आणि ती फणी मुळात फणी नाहीच. तो माशाचा पर आहे, मासा ज्याने पाणी कापतो तो. अख्खा मासा काढायला वेळ लागतो, जागा लागते. म्हणून लेखकाने नुसता पर काढला आणि वाचणाऱ्यावर विश्वास टाकला, की तू मासा समजून घे. माया लिपीत हे बऱ्याच ठिकाणी दिसतं. 'मो' या अक्षराचं उदाहरण घ्या. 'मो' म्हणजे त्यांच्याकडचा मोठा रंगीत पोपट, मकाव. त्याच्या डोळ्याभोवती ठिपक्यांचं वर्तुळ असतं. मग नुसतं ते ठिपक्यांचं वर्तुळ काढलं की झालं 'मो'.

पण माशाचा 'का' का? (हशा) हो, हा प्रश्न मराठीत विचारताना गंमत होते खरी. आणि उत्तर ऐकलंत तर आणखी होईल. युकातेक माया भाषेत माशाला म्हणतात 'काय'. तर 'काय'मधला पहिला आवाज 'का'. आपण पाटीवर 'म मगरीचा' म्हणतो, तसा तिथे 'का माशाचा'.

इतकं सोपं असेल तर शंभर वर्षं कशाला लागली? ती हकीकत जरा सविस्तर सांगतो, कारण खरा धडा तिथेच आहे.

12 जुलै 1562. युकातानमधलं मानी नावाचं गाव. दिएगो दे लांदा हा फ्रान्सिस्कन मिशनरी तिथे धर्मन्यायसभा भरवतो. बाटवलेले लोक चोरून जुन्या देवांची पूजा करतात असा आरोप असतो. लोकांचा छळ होतो, मूर्ती फोडल्या जातात, आणि माया पोथ्यांची होळी होते. या पोथ्यांत सैतानाचं खोटं सोडून दुसरं काही नव्हतं म्हणून आम्ही त्या जाळल्या, आणि त्याचं या लोकांना फार दुःख झालं, असं त्याने स्वतःच पुढे नोंदवून ठेवलंय. आज साऱ्या जगात माया पोथ्या किती उरल्यात? चार. त्यातल्याही एकीच्या खरेपणाबद्दल अलीकडच्या काळापर्यंत वाद होता.

या छळाबद्दल लांदाला स्पेनला जाऊन जाब द्यावा लागला. तिथे असताना, 1566 च्या सुमारास, त्याने युकातानची हकीकत सांगणारा ग्रंथ लिहिला. आणि ज्या माणसाने पोथ्या जाळल्या, त्यानेच त्या ग्रंथात माया लिपीची एक 'बाराखडी' उतरवून ठेवली. ग्रंथ विस्मरणात गेला. 1862 मध्ये ब्रासर द बूरबूर या फ्रेंच धर्मगुरूला माद्रिदमध्ये त्याची संक्षिप्त प्रत सापडली आणि 1864 मध्ये ती छापली गेली. विद्वानांना वाटलं, झालं, किल्ली सापडली!

किल्ली कुलपात जाईचना. लांदाची अक्षरं लावून पोथ्या वाचायला घेतल्या की नुसता गोंधळ. 1880 मध्ये फिलिप व्हॅलेंतिनी या अभ्यासकाने तर लांदाची वर्णमाला ही स्पॅनिश बनावट आहे असंच जाहीर करून टाकलं.

चूक कुठे होती, हे तुम्ही मराठी माणसं चटकन ओळखाल. लांदाने समोर बसवलेल्या माया लेखकाला स्पॅनिश मुळाक्षरं सांगितली. स्पॅनिशमध्ये 'बी'चं नाव 'बे', 'सी'चं नाव 'से'. लांदा म्हणाला 'बे'. लेखकाने 'बे' काढलं. वाटेवरचं पाऊल, कारण युकातेकमध्ये 'बे' म्हणजे वाट. लांदाने लिहून घेतलं की हा झाला 'ब्'. लांदा मागत होता सुटं व्यंजन, आणि समोरचा देत होता अक्षर. व्यंजन अधिक स्वर मिळून एक अक्षर, ही गोष्ट आपल्याला लहानपणापासून अंगवळणी पडलेली असते. 'क' वेगळा, 'कु' वेगळा. लांदाच्या डोक्यात ए-बी-सी होती, त्यामुळे आपल्यासमोर काय चाललंय हे त्याला कळलंच नाही.

एके ठिकाणी तो म्हणाला, 'ले' लिहून दाखव. ले म्हणजे फास. आणि तो एकेक अक्षर फोडून सांगू लागला : 'एले', 'ए', म्हणजे 'ले'. त्या बिचाऱ्या लेखकाने ऐकलं ते सगळं लिहिलं. ए-ले-ए-ले. (हशा) पुढे लांदा म्हणाला, आता एखादं वाक्य लिही. लेखकाने लिहिलं, 'मा इन काती'. अर्थ काय, तर 'माझी इच्छा नाही'. 'मला नको.' मंडळी, हसू येतं, पण थोडं थांबून बघा. गावोगावचे ग्रंथ जळलेत, आणि जाळणारा समोर बसून विचारतोय की एखादं वाक्य लिही. हे निव्वळ उदाहरण होतं की मनातलं होतं, सांगता येत नाही. पण ते कागदावर उरलं.

त्याच यादीत, मुळाक्षरांमध्ये न बसणारी काही अक्षरं लांदाने प्रामाणिकपणे नोंदवली होती. त्यात एक होतं 'का'. आणि त्यापुढे चित्र होतं आपल्या फणीचं.

म्हणजे 1864 पासून छापील पुस्तकात लिहिलेलं होतं : फणी म्हणजे 'का'. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं. मग?

मग येतात एरिक थॉम्पसन. विसाव्या शतकाच्या मध्यावर माया विद्येत या ब्रिटिश विद्वानाचा शब्द अखेरचा मानला जाई. माणूस प्रचंड अभ्यासू. माया स्तंभांवर तारखेची सुरुवात करणारं एक मोठं चिन्ह असतं. त्याच्या दोन्ही बाजूंना सहसा दोन फण्या असतात, पण काही नक्षीदार नमुन्यांत फण्यांच्या जागी दोन मासे येतात. यावरून फणी आणि मासा एकच, हे थॉम्पसन यांना पक्कं ठाऊक होतं. 1944 मध्ये त्यांनी यावर खास निबंध लिहिला. त्यात ते म्हणतात, हा मासा म्हणजे 'शोक' हा पुराणातला मासा. युकातेकमध्ये 'शोक' म्हणजे मोजणे असाही अर्थ आहे. म्हणून मासा हे 'गणना' या कल्पनेचं प्रतीक.

बघा, चित्र बरोबर ओळखलं. मासा आणि फणी यांचं नातं बरोबर जोडलं. शब्दावरून कोटी करायची युक्तीही बरोबर होती. फक्त एक गोष्ट मान्य केली नाही, की या लेखकाने इथे आवाज लिहिला असेल. थॉम्पसन यांच्या मते ही लिपी कल्पनांची होती, काळाच्या उपासनेची होती. पुरोहित तारे बघत बसलेत, दिवस मोजत बसलेत, आणि त्यांचं रोजचं बोलणं, राजांची नावं, भांडणं, जेवणखाण यातलं लिपीत काहीच नाही. त्यामुळे मासा दिसला की 'याचा अर्थ काय' हाच प्रश्न त्यांना पडे. 'याचा उच्चार काय' हा पडत नसे.

तो प्रश्न विचारला यूरी क्नोरोझोव यांनी. 1922 चा जन्म, लेनिनग्राडमध्ये काम, माया प्रदेश तोवर कधी पाहिलेला नाही. 1952 मध्ये त्यांचा लेख आला. त्यांचं म्हणणं : लांदाची यादी खोटी नाही, ती वर्णमाला नसून अक्षरमाला आहे. आणि एक नियम त्यांनी सांगितला. माया शब्द बहुधा व्यंजनात संपतो, पण चिन्हं तर अक्षरांची. मग शेवटच्या अक्षरातला स्वर लिहायचा आणि उच्चारायचा नाही. माद्रिद पोथीत टर्कीच्या चित्रावर 'कु-त्सु' लिहिलंय, वाचायचं 'कुत्स', म्हणजे टर्की. आपल्याला यात काय नवल? आपण 'घर' लिहितो, घ आणि र अशी दोन अक्षरं काढतो, आणि शेवटचा अ न उच्चारता 'घर्' म्हणतो. लिहिताना पूर्ण, बोलताना तोडका.

थॉम्पसन यांनी या मताला कडाडून विरोध केला. शीतयुद्धाचा काळ, लेख सोव्हिएत नियतकालिकातला, त्यात मार्क्सवादाची स्तुती. विरोध करायला कारणं तयारच होती. 1975 मध्ये थॉम्पसन वारले, तोवर पाश्चात्त्य जगात क्नोरोझोव यांचं म्हणणं मोजक्याच लोकांनी मानलं होतं. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत मात्र लिपी भराभर उलगडली.

आता आपल्या माशाची परीक्षा. 1984. ग्वातेमालाच्या ईशान्य कोपऱ्यातलं रिओ आझुल हे पुराणस्थळ. तिथे पाचव्या शतकातली एक न लुटलेली कबर सापडली. त्यात एक मातीचं भांडं, वर कडी, आणि झाकण चक्क फिरवून बसवायचं. आपल्या बरणीच्या झाकणासारखं. भांड्यावर मोठी रंगवलेली अक्षरं. डेव्हिड स्टुअर्ट या अमेरिकन तरुणाने ती वाचली. आधी फणी : का. मग मासा : का. मग 'वा' हे चिन्ह. का-का-वा. शेवटचा स्वर गिळायचा. काकाव.

काकाव म्हणजे कोको. ज्यापासून चॉकलेट होतं ती बी. कोकोचं पेय माया दरबारात मानाचं. या भांड्यावर तर कोकोचे दोन प्रकार नोंदवलेत, आणि हे त्यांचं भांडं, असं लिहिलंय.

पण वाचन बरोबर कशावरून? भांड्याच्या तळाशी चिकटलेला थर अमेरिकेतल्या हर्शी या चॉकलेट कंपनीच्या प्रयोगशाळेत तपासला गेला. थिओब्रोमीन सापडलं, कॅफीन सापडलं. त्या प्रदेशातल्या वनस्पतींत ही जोडी कोकोकडेच बोट दाखवते. बाहेर लिहिलं होतं काकाव, आत निघाला काकाव. लिपिशास्त्रात इतका रोख पुरावा क्वचित मिळतो. दीड हजार वर्षांपूर्वीचा लेखक कसल्या गूढ गणनेबद्दल सांगत नव्हता. तो बरणीवर चिठ्ठी लावत होता, जशी आपली आजी मसाल्याच्या डब्यावर लावायची.

त्या लेखकाचं आणखी एक कसब बघा. एकाच शब्दात दोनदा 'का' आला, तर त्याने एकदा पर काढला, एकदा मासा. पुन्हा तेच चित्र काढायचा कंटाळा, किंवा हाताची मिजास म्हणा. दुसरे काही लेखक याहून झटपट जात. ते एकच फणी काढत आणि कोपऱ्यात दोन छोटे ठिपके देत. दोन ठिपके म्हणजे 'हे दोनदा वाच'.

आता थोडं खोल पाण्यात जाऊ. माया ही एक भाषा नाही, ते कुटुंब आहे. आजही सुमारे तीस भाषा बोलल्या जातात. माशाला किचे भाषेत म्हणतात 'कार'. युकातेकमध्ये 'काय'. पण चोर्ती भाषेत म्हणतात 'चाय'. (हशा) होय, युकातेकांचा 'काय' तो चोर्तींचा 'चाय'. कारण चोलान नावाच्या शाखेत फार पूर्वी एक बदल झाला. जुन्या 'क'चा पुष्कळ शब्दांत 'च' झाला. आणि बहुतेक कोरीव लेखांची भाषा याच चोलान शाखेतली आहे.

म्हणजे पेच असा, की लेख कोरणारा माणूस घरी माशाला 'चाय' म्हणत होता, आणि लिहिताना माशाचं चित्र 'का' म्हणून वापरत होता! हे कसं झालं? दोन उत्तरं दिली जातात. एक, हे चिन्ह ठरलं तेव्हा त्याचे पूर्वज अजून 'क'च म्हणत होते. बोली बदलली, लिपी जुनीच राहिली. दुसरं, लिपी घडवण्यात 'काय' म्हणणाऱ्या युकातेक शाखेचाही हात होता. कुठलंही घ्या, लेखक शाळेत शिकला होता तो 'का माशाचा'. त्याला तो मासा ऐकू येत नव्हता, नुसता दिसत होता.

याच बदलामुळे आपली फणी इतिहासाची साक्षीदार झालीय. माया राज्यांमधलं एक अत्यंत बलाढ्य राज्य म्हणजे नागराज्य. आधी त्झिबान्चे, मग सातव्या शतकात कालाकमुल ही त्याची राजधानी. राजचिन्ह सापाचं डोकं. साप म्हणजे चोलानमध्ये 'चान', युकातेकमध्ये 'कान'. नुसतं सापाचं डोकं असेल तर कोणी 'चान' वाचेल, कोणी 'कान'. पण या राजचिन्हात सापाच्या आधी बहुधा एक छोटी खूण असते. आपली फणी! का. वाचणाऱ्याला बजावलंय : बाबा, इथे 'कान' म्हण, 'चान' नव्हे. आमच्या घराण्याचं नाव असं उच्चारतात.

यांचं हाडवैर होतं तिकालशी. 695 मध्ये तिकालच्या राजाने नागराजाचा पराभव केला. त्या तिकालच्या राजाचं नाव हसाव चान काविल. त्यातला 'चान' म्हणजे आकाश. युकातेकमध्ये आकाशाला 'काअन'. तोच क आणि च. राज्यं लढत होती तेव्हा कोण कसं बोलत होतं, कोणाला आपल्या बोलीचा अभिमान होता, याचा कानोसा हजार-तेराशे वर्षांनंतर आपल्याला लागतो, तो एका माशाच्या परामुळे.

आणि थॉम्पसन यांना न्याय देऊन पुढे जातो. तारखेच्या सुरुवातीच्या त्या चिन्हात आज अनेक अभ्यासक 'त्सि-का' असं वाचतात, 'त्सिक'. अर्थ? मोजणे. म्हणजे अर्थाचा वास थॉम्पसन यांना बरोबर आला होता. पण तो अर्थ माशात नव्हता. मासा तिथे केवळ 'का' म्हणायला उभा होता.

व्याख्यान इथे थांबवतो. प्रश्न घेऊ.

प्रश्न : सिंधू लिपीतही माशाचं चिन्ह आहे. मग तीही अशीच वाचता येईल का?

फार चांगला प्रश्न. आणि यात मुंबईचा संबंध आहे. सेंट झेवियर्स कॉलेजातले फादर हेन्री हेरास यांनी हीच वाट धरली होती. द्राविडी भाषांत 'मीन' म्हणजे मासा, आणि 'मीन' म्हणजे तारासुद्धा. म्हणून सिंधू मुद्रांवरचा मासा हा तारा किंवा दैवत असावा, असं त्यांनी सुचवलं. पुढे आस्को पारपोला यांनी तो धागा वाढवला. क्नोरोझोव यांनीही सिंधू लिपीवर काम केलं होतं. युक्ती तीच आहे, आणि आकर्षक आहे. फरक पुराव्याचा. मायांचे लेख लांबलचक आहेत, भाषा आज जिवंत आहेत, लांदाची यादी आहे, आणि झाकण उघडून आतला काकाव तपासता येतो. सिंधू लेख सरासरी पाचेक चिन्हांचे. तिथे 'मीन' वाचलं तर ते बरोबर की चूक हे दाखवणारी बरणी अजून सापडलेली नाही.

प्रश्न : आजच्या माया लोकांना ही लिपी येते का?

मधल्या काळात परंपरा पूर्ण तुटली. पोथ्या गेल्या, लिहिणारे गेले, मुलांना रोमन लिपी शिकवली गेली. 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धापासून लिंडा शेली, निकोलाई ग्रूबे अशा अभ्यासकांनी ग्वातेमालात माया भाषिकांसाठीच कार्यशाळा घेतल्या. ग्वातेमालात तेव्हा यादवी युद्ध चालू होतं आणि त्यात सर्वांत जास्त मेले ते मायाच. अशा दिवसांत ही माणसं आपल्या पूर्वजांची अक्षरं गिरवायला बसली. आता तिथले शिक्षक आणि तरुण मुलं आपली नावं या लिपीत लिहितात.

त्यात एक गोष्ट मला फार आवडते. किचे भाषिक मुलासमोर तुम्ही हे चित्र ठेवा आणि विचारा, हे काय आहे? तो म्हणेल, 'कार'. मासा. पहिला आवाज 'का'. त्याला लांदा नको, क्नोरोझोव नकोत, मीही नको. तेराशे वर्षांपूर्वीच्या चोलान लेखकाला जे पाठ करावं लागत होतं, ते या पोराच्या तोंडात आधीच आहे.